शेठाणी गोड्या पाण्यात पडली

माळ्यावरून कुलर खाली उतरला, जुन्या ताट्या काढून नव्या बसवल्या, पहिल्यांदा पाणी सोडलं आणि ओल्या वाळ्याचा तो वास घरभर पसरला, की अमरावतीतल्या बाकीच्या बायकांना कैरीचं पन्हं आठवत असेल, वाळवणं आठवत असतील. मला मासा आठवतो. मासा कसला, मासोळी! काळी कुळकुळीत, पोट सुटलेली, कायम कुणाशी तरी भांडून आल्यासारखं तोंड असलेली एक मॉली. तिचं नाव शेठाणी. ती आठवली की बाहेर ऊन रणरणत असलं तरी माझ्या अंगात असा काही हुरूप येतो की घरातले एकमेकांकडे बघतात. झालं, हिचं सुरू झालं. होऊ दे सुरू. त्या उन्हाळ्यासारखा उन्हाळा माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही, आणि तो मी दरवर्षी सांगणार.

परवाही नव्या ताट्या बसवताना मी सवयीनं कुलरच्या टाकीच्या तळाशी बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं आणि स्वच्छ. अमरावतीच्या कुलरमध्ये काही साठत नाही. माझ्या माहेरी मात्र एका उन्हाळ्यात ताट्या पांढऱ्याफेक होऊन जायच्या आणि हात लावला की पापडासारख्या मोडायच्या. माझं माहेर अकोल्याहून अकोटला जाणाऱ्या रस्त्यावरून आत, खारपाणपट्ट्यात. तिथली जमीन काळी, कसदार, आणि तिच्या पोटातलं पाणी खारं. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, वर येणार ते खारंच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की फाटतं. म्हणून आमच्याकडे पाण्याच्या जाती दोनच, गोडं आणि खारं. गोडं म्हणजे साखरेचं नव्हे, साधं पिण्याजोगं. पण 'गोडं' हा शब्द आमची माणसं असा उच्चारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पेढ्याबद्दल बोलणं चाललंय.

माझं लग्न अमरावतीत ठरलं तेव्हा माझी काकू हातातलं सूप टाकून अंगणात आली होती. "पोरगी गोड्या पान्यात पडली वो माय!" नवरा काय करतो, घर कसं आहे, हे तिनं नंतर विचारलं. आमच्याकडे मुली अशाच मोजल्या जातात, गोड्या पाण्यात पडलेल्या आणि न पडलेल्या.

सासूबाईंना हे सगळं पक्कं ठाऊक होतं. त्या मनानं वाईट नाहीत, जिभेनं आहेत. माझ्या माहेरी पहिल्यांदा आल्या तेव्हा पिशवीतून पाण्याची बाटली काढून मांडीशी ठेवून बसल्या. माईनं, म्हणजे माझ्या आईनं, चहा आणला. सासूबाईंनी कपाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मी चहा नाई घेत वो." घरी दिवसाला पाच कप घेणारी बाई! तेव्हापासून त्या जेव्हा जेव्हा माहेरी आल्या तेव्हा त्यांनी चहा सोडलेला असे, आणि अमरावतीला राजापेठेतल्या घरी परत आलो की पायातली चप्पल काढायच्या आधी त्यांचा चहा पुन्हा सुरू होई. मी हसून सोडून द्यायची. एक गोष्ट मात्र मला सोडता आली नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. सगळ्या मुलींचं होतं, माझं झालं नाही. "खाऱ्या पान्यात बाळंतीन? जमनार नाई," एवढं बोलून सासूबाई देवळात निघून गेल्या होत्या. मग माईच डिंकाचे लाडू घेऊन इकडे आली आणि परक्या घरात अंग चोरून राहिली. स्वतःच्या मुलीच्या बाळंतपणात पाहुणी झाली बिचारी. ते मला लागलं होतं, खूप लागलं होतं, आणि कितीतरी वर्षं कुणाजवळ बोलले नव्हते.

तर त्या उन्हाळ्याच्या तोंडावर सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बैठकीतच त्यांचा पलंग टाकला, समोर कुलर. भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदं घेऊन येई. सफरचंदांचा ढीग साचला आणि सासूबाईंचा चेहरा उतरत गेला. व्यायाम करवून घ्यायला मुलगी यायची, ती सांगून सांगून थकली की आजी, खुर्चीत बसा, गुडघा वाकवा. आजी भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. "आता काय करायचं हाये चालून," म्हणायच्या. हे वाक्य त्यांच्या तोंडी शोभत नव्हतं. मला त्यांची टोचून बोलणारी जीभ परत हवी होती, आणि असं वाटतंय याचंच मला नवल वाटत होतं.

अशात दिनू आला. दिनू माझा धाकटा भाऊ. आमच्या खाऱ्या पाण्यावर काहीच पिकत नाही, असं सगळं गाव म्हणत असताना यानं घरामागे सिमेंटची टाकी बांधली आणि त्यात शोभेचे मासे सोडले. आधी पुष्कळ मारले. मग मॉली सापडली. तिला आमचं पाणी असं मानवलं की पिल्लावर पिल्लं! अकोल्याच्या जठारपेठेतला दुकानदार आता त्याची वाट बघत असतो. दिनूला याचा इतका अभिमान की लग्नाच्या पंगतीतही तो मॉलीवर बोलतो. तो सासूबाईंना बघायला आला तो सफरचंदं न आणता काचेची छोटी टाकी, गावच्या पाण्याची एक कॅन आणि प्लास्टिकच्या पिशवीत ती काळी मॉली घेऊन.

सासूबाई म्हणाल्या, "हे काय? मी मासे खात नाई."

"खायाले नाई मावशी, पाहाले हाये. पोटुशी हाये ते. पयलटकरीन."

सासूबाईंनी पहिल्यांदाच मान उचलली. "कोनत्या अंगानं पयलटकरीन? शेठानी दिसते चांगली."

झालं, नाव पडलं. टाकी पलंगासमोरच्या स्टुलावर गेली, आणि भिंतीकडचं तोंड इकडे वळलं. शेठाणी काचेशी येऊन तोंड उघडझाप करायची आणि सासूबाई तिला उत्तरं द्यायच्या. "हो वो, ऐकू आलं. खायाले पायजे न तुले? आमाले कोनी देते का मागतल्याबरोबर?" मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना हे ऐकायची आणि एकटीच हसायची.

वैशाखाचं ऊन चढलं तसं टाकीतलं पाणी आटत गेलं. काचेवर पाण्याच्या पातळीपाशी पांढरी रेघ उमटली, तीच, माझ्या माहेरच्या कुलरवरची! मला बरं वाटलं तिला बघून. सासूबाईंना नाही वाटलं. "कसं कळकट झालं पाय पानी. बिचारी खाऱ्या पान्यातून आली, खाऱ्याच पान्यात बाळंत होनार का? साफ कर सारं. फिल्टरचं पानी टाक, आरोचं."

मी एक क्षणही थांबले नाही. दिनूनं बजावलं होतं की पाणी बदलायचं तर थोडं थोडं बदल, पण कोणतं, हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. खारपाणातल्या मुलीला हा प्रश्न पडूच शकत नाही! घरी पाहुणा आला तर माठातलं गोडं पाणी आधी त्याला द्यायचं आणि आपण विहिरीचं प्यायचं, यात मी वाढले. कुणावर जीव असला तर त्याला गोडं पाणी पाजायचं, याहून मोठं प्रेम आम्हाला ठाऊक नाही. मी शेठाणीला पातेल्यात काढलं, ते कळकट पाणी ओतून दिलं, लिंबानं घासून घासून काच लखलखीत केली, आणि नळाला बसवलेल्या फिल्टरचं मऊ, स्वच्छ, गोडं पाणी काठोकाठ भरलं. शेठाणीला त्यात सोडताना मी चक्क म्हणाले, "पडली बाई गोड्या पाण्यात!"

आणि शेठाणी नाचायला लागली.

खरंच सांगते, नाचायलाच! जागच्या जागी, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे. पुढं नाही, मागं नाही, नुसती डुलत होती. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. "पाय वो पाय! कशी खूश झाली!" त्यांनी मोबाइलवर भजन लावलं. शेजारच्या काकूंना हाक मारली. त्याही आल्या, त्याही टाळ्या वाजवायला लागल्या. मी व्हिडिओ काढला, वर भजन, खाली नाच, आणि दिनूला पाठवून दिला.

दिनूचा फोन लगेच आला. एरवी तो फोनवर आधी जेवणाचं विचारतो.

"ताई, ते भजन बंद कर पयले. कोनतं पानी टाकलं?"

"आरोचं. का रे?"

"पूरं? साऱ्याच्या सारं?" तो ओरडलाच. "नाचून नाई राहिली ते, ताई! थरथरून राहिली. मरते ते अशानं!"

काकूंचे हात टाळीतच थांबले. दिनू भराभरा सांगत होता. या मासोळीचं अंग खाऱ्या पाण्यावर तयार झालेलं. आपल्या पाण्यात नुसतं मीठ नाही, चुना आहे, आणखी काय काय आहे, ते सगळं तिला लागतं. आरओच्या पाण्यात यातलं काहीच उरत नाही. ते कोरं पाणी एकदम अंगावर आलं की तिच्या अंगातलं मीठ बाहेर जातं आणि पाणी आत घुसतं, मग तिला पर उघडता येत नाहीत, पुढं जाता येत नाही, जागच्या जागी थरथर होते. मी बघितलं, तिचे पर खरंच अंगाला चिकटले होते. आम्ही त्याला नाच समजलो होतो!

"मूठभर मीठ टाकते मंग," पलंगावरून सासूबाई.

"नोका टाकू मावशी! एकदम बदललं म्हनून तं हे झालं, आता एकदम पलटवलं तं आत्ताच जाईन ते. हळूहळू न्या लागते तिले. नळाचं पानी बादलीत काढून उघडं ठेवा, त्याच्यातला दवाचा, क्लोरीनचा वास उडू द्या, मंग ते थोडं थोडं टाका. तेवढ्यानं तगन ते. पन वाचाची असन तं आपलंच पानी पायजे."

आपलंच पाणी! मी आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द कौतुकानं उच्चारलेले ऐकले.

फोन ठेवल्यावर सासूबाई कोपरावर उठून टाकीकडे वाकल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मीच मारलं तिले. चांगलं करा गेली न." मी म्हटलं, "आई, आपण दोघींनी. अजून मेली नाही ती." आणि मी माळ्यावरच्या दोन पांढऱ्या कॅन काढल्या. त्या कॅनची गंमत अशी, की माहेरी जाताना नवऱ्यासाठी आणि मुलांसाठी मी त्याच कॅनमधून अमरावतीचं गोडं पाणी भरून न्यायची. वर्षानुवर्षं. त्या इथून भरलेल्या जायच्या आणि रिकाम्या परत यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी त्या रिकाम्या घेऊन निघाले.

अकोटच्या स्टँडवर दिनू मोटारसायकल घेऊन उभा होता, आमच्या घरच्या विहिरीचं पाणी एका ड्रममध्ये भरून. आम्ही कॅन भरल्या, झाकणाखाली प्लास्टिक लावलं, तापू नयेत म्हणून माझी ओढणी ओली करून वरून गुंडाळली. इतक्या घाईत आम्ही भावंडांनी शेवटचं काही केलं ते बाबांना दवाखान्यात नेताना. पण ही घाई वेगळी होती. दिनूच्या डोळ्यांत अशी चमक होती की जणू गावाची टीम सामना खेळायला निघाली आहे.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं कॅनला पायानं डिवचलं. "काय हाये याच्यात बाई? पेट्रोल बिट्रोल असन तं खाली उतरवा."

"पाणी आहे."

"कोठचं पानी?"

मी गावाचं नाव सांगितलं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं. "खारपानाचं? अमरावतीले? बाई, तुमी उलट्या गाडीत बसल्या का?"

सगळी बस हसली. पुढच्या सीटवरची लुगड्यातली आजी पूर्ण मागं वळली. "काहून वो नेऊन राहिली? कोनाले पाजतं?" मी सांगितलं. मासोळी, पोटुशी, गोडं पाणी बाधलं. आता हसू आणखी वाढेल असं मला वाटलं होतं. पण आजी हसली नाही. तिनं पदर सावरला आणि विचारलं, "कितवा महिना?" माशाचे महिने मला कुठं ठाऊक! मी म्हटलं, भरत आले असतील. "मंग सांभाळून ने," आजी म्हणाली, आणि रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्याला कॅन हिंदकळली तशी तिनं स्वतःचा पाय आडवा लावला. पुढं तर मजाच झाली. कुणी नवीन चढलं आणि कॅनपाशी पिशवी टेकवायला लागलं की बसमधले चार जण ओरडायचे, "तिथं नोका ठेवू, पेशंटचं पानी हाये!" ज्या पाण्याला नावं ठेवत तो सगळा मुलूख म्हातारा झाला, त्या पाण्याला त्या दिवशी एसटीत बसायला जागा मिळाली. बाहेर झळा वाहत होत्या आणि मी आत मनातल्या मनात उड्या मारत होते.

दर थोड्या वेळानं सासूबाईंचा फोन. "कुठी पोचली? अजून थरथरून राहिली ते. बादलीतलं पानी टाकलं थोडं. एक पर उघडला होता, पन मिटला परत." ही तीच बाई, जिला 'काय करायचं चालून' असं वाटत होतं.

घरी पोचताना दिनूनं सांगितलेली एक वस्तू मी राजापेठेतल्या मेडिकलमधून घेतली. सलाईनची नळी. दुकानदारानं नळी देता देता काळजीनं विचारलं, "पेशंट कोण आहे घरी?" मी म्हटलं, मासा. त्यानं पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

कॅन कपाटावर ठेवली. नळीची टोकं कापली. एक टोक कॅनमध्ये सोडलं, दुसरं तोंडात धरून मी पाणी खाली ओढलं, आणि जरा जास्तच ओढलं गेलं. तोंड भरून आलं ते खारं पाणी. गावात आता सरकारी नळयोजनेचं गोडं पाणी येतं, अधूनमधून का होईना. त्यामुळे विहिरीचं पाणी मी कितीतरी वर्षं चाखलं नव्हतं. ते जिभेवर आलं आणि माझं सगळं लहानपणच तोंडात आलं. चुलीवर तासन्‌तास टणक राहणारी तुरीची डाळ. केस धुतल्यावर त्यांचा होणारा झाडू आणि तो विंचरणारी माई. हंड्यांवरचे पांढरे ओघळ. शाळेत नळाचं पाणी येणाऱ्या गावच्या मुलींची बाटली, आणि त्यातला एक घोट मागताना वाटलेली लाज. आणि बाबा. बाबा किडनीनं गेले. पाण्याचं नाव कुणा डॉक्टरनं कागदावर लिहिलं नाही, पण आमच्या गावाला काय सांगायचं! त्या पाण्यावर मी प्रेम करते असं मी कधीच म्हणणार नाही, त्यानं माझे बाबा नेले. पण त्या दिवशी मी तो घोट थुंकला नाही, गिळला. मला रडू आलं, आणि रडत रडत मी हसले, कारण मागून आवाज आला, "पिऊन नोको टाकू सारं, तिले ठेव!"

वळून बघते तर सासूबाई खुर्चीत बसलेल्या. वॉकर बाजूला, ऑपरेशनचा गुडघा वाकवून, अगदी टाकीला नाक लावून. कधी उठल्या, कशा आल्या, कुणालाच कळलं नाही. त्यांनी हात पुढं केला. "दे इकडे ते चाक." नळीवर थेंब कमी-जास्त करायचं चाक असतं ते. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी त्याच्याकडेच बघत दिवस काढले होते.

आणि शेठाणीला सलाईन लागलं! टप्‌, टप्‌, टप्‌. जेवढं वरून पडे तेवढं मी वाटीनं खालून काढून घेई. सासूबाई चाक पकडून बसलेल्या. कुणी दार वाजवलं तरी ओरडायच्या, "बाहेर थांबा, सलाईन चालू हाये!" व्यायामवाली मुलगी आली, तिनं आजींचा वाकलेला गुडघा पाहिला, टाकी पाहिली, आणि पाट ओढून आमच्यात बसली. कुलरची घरघर, त्या थेंबांचा आवाज, आणि आम्ही तिघी. दुपार कशी सरली कळलं नाही.

मध्येच सासूबाई म्हणाल्या, "पयलटकरीन हाये न ते. तिले माहेरचंच पानी पायजे."

बोलून गेल्या आणि थांबल्या. चाकावरचा अंगठा तसाच राहिला. मी वाटी घेऊन वाकलेली होते, तशीच वाकून राहिले. वर बघायचा मला धीर होईना. थेंब पडत राहिले. मग त्यांनी चाक किंचित सैल केलं आणि म्हणाल्या, "वाटी भरली पाय तुही."

ऊन कलायला लागलं तेव्हा शेठाणीची थरथर थांबली. आधी खात्रीच पटेना. मग शेपटीचा पर उघडला, पंख्यासारखा, पूर्ण! मग ती हलली. डुलली नाही, पुढं गेली. टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, वळली आणि काचेशी येऊन तोंड उघडझाप करायला लागली. मी किंचाळले. व्यायामवाल्या मुलीनं शिट्टी मारली. सासूबाईंनी डोळे पुसले आणि शेठाणीवर खेकसल्या, "हो वो, कळलं! खायाले पायजे न तुले?" दिनूला व्हिडिओ गेला, यावेळी भजनाशिवाय. पलीकडून त्यानं "जमलं! जमलं!" असं ओरडून जो गोंधळ घातला, त्यात माईचाही आवाज होता.

पुढं दिनूनं सांगितलं तसं आम्ही तिला हळूहळूच नेलं, रोज थोडं थोडं, तिच्या पाण्याकडं. आणि एका सकाळी मी कुलरमध्ये पाणी भरत असताना सासूबाईंची हाक आली, अशी की माझ्या हातातला पाइप सुटून बैठकभर पाणी झालं. टाकीत जिकडं तिकडं काळे ठिपके पळत होते. मोहरीला डोळे फुटावेत तशी पिल्लं! शेठाणी त्यांच्याकडे ढुंकून न बघता खायला मागत होती. ओल्या फरशीवर वॉकर टेकत सासूबाई उभ्या होत्या आणि मोजायचा प्रयत्न करत होत्या, आणि पिल्लं काही मोजू देत नव्हती. मी दिनूनं सांगितल्याप्रमाणे पिल्लांना गाळणीनं वेगळं काढलं, नाहीतर शेठाणीनं त्यांचाही नाश्ता केला असता.

आता आमच्याकडे टाकी मोठी आहे. शेठाणी गेली, म्हातारी होऊन गेली, तिच्या लेकी-नाती आहेत. आणि त्या दोन पांढऱ्या कॅन आता दोन्हीकडून भरलेल्या जातात-येतात. जाताना माईसाठी गोडं, येताना मासोळ्यांसाठी खारं. त्या मार्गावरचे कंडक्टर आता विचारत नाहीत, पाय लावून कॅन सीटखाली सारून देतात.

पण मला त्या सकाळचं जे सांगायचं होतं ते राहिलंच. मी फरशी पुसून काढली, सासूबाई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "चहा मांड."

मी उठले.

"त्या कॅनमधल्या पान्याचा मांड."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आई, त्याचा चहा फाटतो."

"फाटला तरी चालन."

मी मांडला. दूध घातलं आणि ते फाटलं, फाटणारच होतं. वर पांढरे कण तरंगायला लागले. साखर घातली, आलं घातलं, गाळला, तरी तो तसाच दिसत होता, माईच्या कपात दिसायचा तसाच. मी दोन कप आणले. सासूबाईंनी कप हातात घेतला. कपात पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, नीट, डोळ्याला डोळा देऊन. मग त्यांनी कप तोंडाला लावला. पहिल्याच घोटाला तोंड असं काही वाकडं झालं की मी हसू दाबण्यासाठी पदर तोंडावर धरला. पण त्यांनी कप खाली ठेवला नाही. एक घोट, दुसरा घोट, तळाचे कणसुद्धा. आणि मग रिकामा कप माझ्यापुढं धरून म्हणाल्या,

"अजून हाये का?"